दसऱ्याच्या दिवशीची तपासणी

सर, आज दुपारी तुमच्या घरी जाऊन आले. मामींनीच फोन करून बोलावलं होतं; तुमच्या बायकोला मी इथल्या रीतीने पहिल्यापासून मामीच म्हणते. पुढच्या आठवड्यात त्या बंगळूरला आपल्या मुलाकडे जाताहेत, कायमच्या. चेन्नईतलं तिरुवल्लिकेणीचं घर रिकामं करायचं चाललंय. गल्ली तशीच आहे. रिक्षावाल्याने मला देवळाच्या तळ्यापाशीच उतरवलं आणि पुढे चालत जा म्हणाला. जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आठवलं, पहिल्यांदा आले होते तेव्हा हाच जिना मी दोन-दोन पायऱ्या घेत चढले होते आणि तुम्ही वरून ओरडला होतात, "अम्मा, पडशील की!" मामींनी दार उघडलं, "ये की ग, उन्हांत आलीस" म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. पाहुण्याला बाहेरच्या खोलीत बसवायची पद्धत तुमच्या घरात कधीच नव्हती. चिंच आणि कारलं घातलेलं ते तुमचं पिठलं त्यांनी पानात वाढलं. ते पहिल्यांदा खाल्लं त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं होतं, ह्या तंजावरच्या मंडळींनी एवढ्या वर्षांत बिचाऱ्या पिठल्याचं काय करून ठेवलंय! आज मात्र मी मागून घेतलं. आणि दुसऱ्यांदा वाढता वाढता, पळी हातात तशीच धरून मामींनी विचारलं, "खरं सांग ग. यांचा हात खरंच चुकला होता का?"

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. ही सगळी वर्षं मी मामींच्या ह्या प्रश्नाला भ्यायले. सणासुदीला त्यांच्याकडे जायचे, फराळाचा डबा ठेवायचे आणि विषय तुमच्या कामाकडे वळायच्या आत उठायचे. आज पुढ्यात पान होतं, उठता आलं नाही. मी काय उत्तर दिलं ते सांगते, पण त्याआधी जे घडलं ते जसंच्या तसं तुम्हाला सांगायला हवं. तुम्हाला त्यातलं अर्धंच ठाऊक आहे, आणि तेही चुकीचं.

नवऱ्याची बँकेने चेन्नईला बदली केली म्हणून मी इथे आले. सांगलीत पशुवैद्यकाच्या दवाखान्यात दोन वर्षं मायक्रोस्कोपपाशी काम केलेलं, एवढीच शिदोरी. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. शहराबाहेरच्या त्या वळूंच्या केंद्रात मुलाखतीला आले तेव्हा समोर बसलेल्या माणसाने माझा अर्ज वाचला, वर पाहिलं आणि विचारलं, "मराठी होय? आम्हीही मराठीच की." मला रडू फुटायचंच बाकी होतं. मग तुम्ही बोलत गेलात आणि मला त्यातलं निम्मंच कळेना. तुमची ती 'काय करतेस'ला 'काय करूलालीस' म्हणणारी मराठी, मधूनच तमिळ, हेल तर पूर्ण तमिळ. तुम्हालाही माझी मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. अड्यारहून सकाळी जी बस निघायची तिच्यात आपण दोघं मिळून एक तिसरीच मराठी बोलायचो, आणि मागे बसलेले लोक ऐकून हसायचे.

पहिल्या महिन्यात तुम्ही मला जे फटकारलंत ते मी अजून विसरलेले नाही. कामाची रीत तुम्ही शिकवली होतीत. नायट्रोजनच्या टाकीतून चिमट्याने कांडी उचलायची, तीच ती पेनच्या रिफिलएवढी नळी, जिच्यात वळूचं रेत गोठवून ठेवलेलं असतं. सदतीस अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, बाहेर काढून कोरडी पुसायची, कारण पाण्याचा टिपूस आत गेला तरी शुक्राणू मरतात. मग टोक कापून थेंब गरम काचेवर घ्यायचा आणि बघायचं, शंभरातले किती सरळ पुढे पळताहेत. जागच्या जागी गोल फिरणारे धरायचे नाहीत. निम्मे पळत असले तर ती सगळी खेप पास, नसले तर टाकून द्यायची. मी एका खेपेला साठ लिहिले. तुम्ही आलात, डोळा लावलात, रजिस्टरचं मागचं पान उलटलंत. तिथेही त्या वळूला साठच होते. "काय लिहूलालीस, अम्मा? काचेवरचं का मागल्या पानावरचं?" तुम्ही आवाज चढवला नव्हता, पण माझे कान तापले. मग तुम्ही एक रिकामी काच उचललीत, माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलीत आणि म्हणालात, "आधी हें. बाळाला दूध पाजण्याआधीं आई पाहते की नाही, तसं. काच ऊन असली तर मग डोळ्याचं ऐकायचं. गार काचेवर जिवंतही मेल्यासारखे दिसतात." मग तुम्ही मला एका गाईची गोष्ट सांगितलीत. खरं म्हणजे कुठल्याही गाईची. खराब कांडी वापरली की शेतकऱ्याची गाय गाभण राहत नाही, एकवीस दिवस वाया जातात, आणि त्याला वाटतं दोष गाईचा आहे. "आपण इथं तपासायच्या खोलीत खोटं लिहिलं तर शेवटी शिव्या गाईला," असं तुम्ही म्हणालात. त्यानंतर मी रोज मनगटाला काच लावायचे. रोज, सर. एक दिवस सोडून.

तुमच्या त्या उंबळाचेरी वळूबद्दल मामींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तुमच्या मुलुखातली ती जात, जन्मताना तांबूस आणि मोठं होताना करडी होत जाणारी, कपाळावर पांढरा ठिपका. तुमचे वडील त्याच बैलांच्या मागे चिखलात नांगर धरायचे. ट्रॅक्टर आले आणि अस्सल जनावरं दिसेनाशी झाली. तुम्ही गावोगाव फिरून एक वळू शोधलात, महिनाभर त्याच्या धन्याची समजूत काढलीत, केंद्रात आणलात. एकदाच त्याचं रेत घेता आलं. त्या दिवशी नेमकं यंत्र बंद पडलेलं, म्हणून तुम्ही थर्माकोलच्या पेटीत, नायट्रोजनच्या वाफेवर कांड्या धरून, घड्याळाकडे बघत स्वतःच्या हाताने सगळी खेप गोठवलीत. दीडशेच्या आसपास कांड्या झाल्या. आठवड्याने वळू पोट फुगून मेला. ती खेप म्हणजे मग त्या वळूचं जे काही उरलं होतं ते सगळं. त्या कांड्या ठेवलेल्या डब्याला केंद्रात सगळे तुमचं लेकरू म्हणायचे. तुम्ही हसायचात, पण दर वर्षी तपासणीला तोच डबा पहिला काढायचात, आणि तोही विजयादशमीलाच. आदल्या दिवशी आयुधपूजा, त्या दिवशी सगळी यंत्रं बंद करून, पुसून, गंध लावून विसावा द्यायचा. आणि दसऱ्याला सुट्टी असली तरी चांगल्या मुहूर्तावर तासभर येऊन त्यांना पुन्हा हात लावायचा, असा तुमचा रिवाज.

त्या वर्षी आयुधपूजेचं सगळं मी केलं. आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, त्यामुळे मला भारी उत्साह. मायक्रोस्कोप पुसला, पाण्याची टाकी पुसली, मायक्रोस्कोपखालची ती तापणारी पट्टी, जिच्यावर काच ठेवतात, तिचा प्लग काढून तीही पुसली. आणि प्रत्येकावर ठसठशीत चंदन लावून वर कुंकू टेकवलं. तुम्ही बघून म्हणालात, "अय्यो, नवरी केलीस की सगळ्यांस!"

दसऱ्याला सकाळी आपण दोघंच होतो. तुमच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे वाचन माझ्याकडे. मला घाई होती. अड्यारला आमच्या महाराष्ट्र मंडळींचा दसरा होता, पुण्याहून कुणी आपट्याची पानं आणली होती, आणि श्रीखंड माझ्या घरून जायचं होतं. मी आल्या आल्या एसी लावला, पाण्याची टाकी सुरू केली, तिचा सदतीसचा आकडा दिसेपर्यंत घड्याळाकडे चार वेळा बघितलं. पट्टी चालू असली की तिच्यावर एक लहानसा लाल दिवा लागतो. तिथे मला लाल दिसलं. मी पुढे गेले. पहिली कांडी, थेंब, डोळा. शंभरात दहा-बारा, तेही जागीच शेपट्या हलवताहेत. दुसरी कांडी. तेच. तुम्ही माझ्या पाठीशी उभे होतात, मला तुमचा श्वास ऐकू येत होता. तुम्ही डोळा लावून पाहिलंत आणि बाजूला झालात. "मज धुकं दिसतं, तूं सांग." मी सांगितलं. मग अगदी हळू विचारलंत, "काच ऊन होती की, अम्मा?"

मी म्हटलं, "होती, सर."

मनगटाला लावली नव्हती मी. पण त्या क्षणी मला तसं आठवलंही नाही, इतकं ते उत्तर तोंडातून आपसूक गेलं. उलट मला थोडा अभिमानच वाटत होता. तुमच्या लाडक्या खेपेच्या बाबतीतही मी खरं तेच सांगितलं, माया आडवी येऊ दिली नाही, असा. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याची असती तर आज टाकली असती. मग माझीही आज." मी म्हटलं, सर, पुन्हा एकदा सावकाश बघू. म्हटलं, पण कसं? हातात पर्स घेऊन. तुम्ही डबा उचललात, कांड्या ट्रेमध्ये ओतल्यात. त्यांच्यावर पांढरं दव धरलं, वाफ निघाली, आणि मिनिटाभरात ते दव पाणी झालं. तुम्ही खिडकीपाशी जाऊन बसलात.

निघण्याआधी मी टेबल आवरायला घेतलं. पट्टीवरचं गंध ओल्या फडक्याने पुसलं. कुंकू निघालं आणि खाली दिवा होता, विझलेला. मी लाल पाहिलं होतं ते माझंच कुंकू. प्लग टेबलामागे लोंबत होता. पट्टीला हात लावला, एसीखाली ती बर्फासारखी गार झालेली. सर, तुम्ही चार पावलांवर बसला होतात. मी वळून बोलले असते तर त्या कांड्या काही परत गोठल्या नसत्या, पण तुम्हाला कळलं असतं. मी प्लग भिंतीत घातला. दिवा लागला. फडकं धुऊन वाळत टाकलं. "येते, सर" म्हटलं, आणि जाऊन श्रीखंड वाढलं. बायकांनी सोनं दिलं, मी घेतलं, सगळ्यांना नमस्कार केले. घरी आल्यावर ओकारी झाली. नवऱ्याला वाटलं श्रीखंड आंबलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी बसमध्ये मी ठरवायचे, आज सांगते. तुम्ही शेजारी बसून तेच तेच बोलायचात. वाफेवर जास्त वेळ धरल्या का? घड्याळ बघण्यात चुकलो का? पेटीचं झाकण सैल होतं का? तीस वर्षं ज्या हाताने कांड्या गोठवल्या तो हात तुम्ही मांडीवर उलटा-सुलटा करून बघायचात. मी खिडकीबाहेर बघायचे. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं, कारण आता चूक सांगायची तर ती लपवलेलीही सांगावी लागणार होती. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मला तुमचा चिमटा दिलात. सगळ्यांसमोर म्हणालात, "चुकलेल्या हाताचा आहे. तुझ्या हातीं तरी नीट चालूं दे." सगळे हसले. मीही हसले, सर. अजून तो वापरते. आता आकडे मोजायला संगणक आलाय, किती सरळ गेले, किती गोल, किती वेगाने, सगळं पडद्यावर येतं. पण काच गार असली तर तोही गार काचेचंच उत्तर देतो, म्हणून नव्या मुलींना मी आधी मनगट पुढे करायला लावते. त्या मला खडूस म्हणतात, तमिळमध्ये. त्यांना वाटतं मला कळत नाही.

मग पुढच्या वर्षीचा तो जुलै. तुमचं दुखणं, हॉस्पिटल. आडी महिना, आमच्या आषाढासारखा, लागला होता, मामी म्हणत होत्या की हा महिना चांगला नसतो. मी शहाळं घेऊन आले. तुम्ही निम्मे झाला होतात. मामी खाली औषधं आणायला गेल्या आणि आपण दोघंच उरलो. तुम्ही सुया लावलेला हात कसाबसा उचललात, तळवा माझ्यापुढे धरलात आणि म्हणालात, "अम्मा, वाफेवर जास्तच वेळ ठेवल्या मी. आतां पक्कं आठवलं." जे घडलंच नव्हतं ते तुम्हाला आठवायला लागलं होतं. मी तुमचा हात खाली ठेवला, चादर नीट केली आणि म्हटलं, "सर, आता ते डोक्यातून काढा." सतरा दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यावर काही दिवसांनी केंद्रात फोन आला. तुमच्या गावाकडचा तो कृत्रिम रेतन करणारा माणूस. त्या दसऱ्याच्या आधी, नवरात्रात, तुम्ही त्याला त्याच खेपेतल्या चार कांड्या दिल्या होत्या, आणि दसऱ्यानंतर निरोप पाठवला होतात की खेप खराब निघाली, टाकून दे. त्याच्याने टाकवल्या नाहीत. आठवड्याभरात एका अस्सल उंबळाचेरी गाईला त्याने त्यातली एक लावली. गाय गाभण राहिली तरी तुम्ही रागावाल म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता त्याला राहवत नव्हतं. "मॅडम, किडारी कन्नु!" तो फोनवर ओरडत होता. कालवड झाली होती. तांबूस, कपाळावर ठिपका, अर्ध्या तासात उभी राहून दूध प्यायली म्हणे. म्हणजे तुमचा हात चुकला नव्हता. थर्माकोलच्या पेटीत, यंत्राशिवाय, तुम्ही त्या कांड्या अशा गोठवल्या होत्या की वर्षांनंतरही त्यांच्यात जीव होता. ट्रेमध्ये विरघळलेल्या सगळ्या तशाच असणार. मी फोन ठेवला आणि नायट्रोजनच्या खोलीत जाऊन दार लावून रडले.

आज मामींनी पळी हातात धरून विचारलं, तेव्हा हे सगळं माझ्या जिभेवर होतं. त्यांनी आणखी सांगितलं, की शेवटी शेवटी तुम्ही म्हणायचात, केंद्रात एकच पोर आहे जी दिसतं तेंच लिहिते. सर, ते ऐकून मी पानातलं पिठलं कालवत राहिले. मी म्हटलं, "मामी, त्यांचं वय झालं होतं. हात थोडा थरथरायचा." असं म्हटलं मी. तुमच्या घरात, तुमचं पिठलं खात. मामींनी मान हलवली, "पावम", बिचारे, म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग मला ताक वाढलं. निघताना माझ्या केसांत गजरा माळला आणि म्हणाल्या, "तुझा आधार होता ग त्यांस."

पेरुंगुडीला घरी येऊन जेवणाच्या टेबलावर हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, एकदा सगळं कागदावर आलं की उद्या उठून मामींकडे जाईन. त्या अजून आठ दिवस इथे आहेत. बसने पाऊण तास. लिहून झालं आणि कळलं, मी जाणार नाही. तुम्हाला लिहिते आहे ते तुम्ही वाचणार नाही म्हणूनच. मामींनी वाचलं तर त्या नुसत्या माझ्याकडे बघतील, आणि मला तेवढंही सोसणार नाही. हे कागद मी फाडीन किंवा ठेवीन, पण त्या घरी नेणार नाही.

आणि एक. वर जे लिहिलंय त्यातली एक ओळ मी तुमच्यापुढेही सावरून लिहिली. आपण कसे दिसू ह्याची काळजी मला मेलेल्या माणसापुढेही सुटली नाही. तो फोन तुम्ही गेल्यावर नाही आला. मी शहाळं घेऊन आले त्याच्या दोन दिवस आधी आला होता. तो म्हणाला, सरांचा फोन बंद आहे, तुम्हीच त्यांना सांगा. मी म्हटलं, सांगते. तुम्ही तळवा माझ्यापुढे धरलात तेव्हा कालवड झाल्याचं मला माहीत होतं.